अठ्ठेचाळीस व्होल्टांची वाट

१९१८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर एक ट्रक पोचला. ट्रकवर विमानाचं इंजिन बसवलेलं होतं. विमान नव्हतंच; बारा सिलिंडरचं नुसतं ‘लिबर्टी’ इंजिन आणि त्याच्या धुराच्या नळीला जोडलेलं एक नवं यंत्र. ते घेऊन आले होते सॅनफर्ड मॉस, जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले इंजिनिअर. पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं. विमान उंच गेलं की त्याचं इंजिन धापा टाकू लागतं, ही लष्कराची डोकेदुखी होती. विरळ हवेत चाचणी घ्यायची तर आकाशात जाण्यापेक्षा डोंगर बरा, असा मॉस यांचा साधा विचार.

जमिनीलगत साधारण ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन १४,१०९ फुटांवर २३०वर घसरलं. मग नवं यंत्र जोडलं आणि आकडा ३५६वर गेला. इंजिन तेच, इंधन तेच. फक्त हवा दाबून आत घातली होती.

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो. पण एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं आत सोडता येतं. हवा मात्र पिस्टन खाली सरकताना ओढून घेईल तेवढीच मिळते. ती कोंबून आत घातली तर त्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. लोहार भाता ओढतो तो याच हिशेबाने. पण भाता ओढायला कुणाचा तरी हात लागतो, आणि त्या हाताची मजुरी कोण देणार, हा या यंत्राच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. सव्वाशे वर्षांत त्याची तीन उत्तरं निघाली. आधी इंजिनाने दिली, मग धुराने दिली आणि शेवटी बॅटरीने. तिसरं उत्तर सुचायला सोपं होतं, पण विकायच्या मोटारीत यायला २०१६ साल उजाडलं. या उशिराचं मुख्य कारण गाडीतल्या तारांत होतं.

इंजिनाच्या खिशातून

हवा ढकलणारा पंप मोटारीच्याही आधीचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६०मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकमेकींत गुंतून फिरणाऱ्या दोन फिरक्या एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात, एवढीच त्याची करामत. ओतकामाच्या भट्ट्यांना हवा देण्यासाठी आणि खाणीत वारा खेळवण्यासाठी तो वापरात आला. पुढे १८८५मध्ये गॉटलिब डाइमलर यांनी इंजिनात जादा हवा भरण्याच्या युक्तीचं जर्मन पेटंट घेतलं, पण त्या काळची इंजिनं एवढी नाजूक होती की युक्ती कागदावरच राहिली.

१९२१च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने ‘कॉम्प्रेसर’ बसवलेल्या गाड्या मांडल्या. त्यांची रचना मजेदार होती. चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की एक क्लच लागे, रूट्स पद्धतीचा ब्लोअर इंजिनाच्या जोरावर गरगरू लागे आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी उठे. ही जादा ताकद सतत वापरायची नव्हती. चढ आला, पुढची गाडी मागे टाकायची असली, की तेवढ्यापुरती. गरज पडेल तेव्हाच मदतीला येणारा पंखा ही कल्पना इथे दिसते. ती पुढे नव्वद-पंचाण्णव वर्षांनी फिरून येणार होती.

इंग्लंडमध्ये मात्र वाद पेटला. टिम बर्किन या धाडसी शर्यतपटूने बेंटलीच्या साडेचार लिटर इंजिनाच्या पुढ्यात भला मोठा ब्लोअर लावून घेतला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ते बिलकूल पसंत नव्हतं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, चांगल्या इंजिनाला असा जुलूम करू नका, असं त्यांचं मत. १९३०च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. बर्किनच्या ब्लोअर बेंटलीने जर्मन शर्यतपटू काराच्चिओलाच्या मर्सिडीजचा जीव तोडून पाठलाग केला. मर्सिडीज विजेच्या बिघाडाने बाद झाली, ब्लोअर बेंटल्याही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत आणि शर्यत जिंकली ती ब्लोअर नसलेल्या मोठ्या बेंटलीने. संस्थापकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं.

त्या वादातला मुद्दा मात्र आजही पक्का आहे. इंजिनाच्या दांड्यावरून फिरणारा ब्लोअर झटक्यात साथ देतो, पण त्याची मजुरी इंजिनाच्याच कमाईतून जाते. ताकद वाढते आणि इंधनाचं बिलही वाढतं.

धुराच्या खिशातून

दुसरं उत्तर स्वित्झर्लंडमधून आलं. विंटरथूरचे आल्फ्रेड ब्यूखी यांना दिसत होतं, की जळलेल्या इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा गरम धुरातून वाया जाते. त्या धुराने चक्र फिरवावं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबावी, या कल्पनेचं पेटंट त्यांनी १९०५मध्ये घेतलं. पटवून द्यायला मात्र वीस वर्षं गेली. अखेर ‘प्रॉइसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्यांचं हे यंत्र, म्हणजे टर्बो, बसलं आणि १,७५० अश्वशक्तीचं इंजिन २,५०० देऊ लागलं. पाइक्स पीकवर मॉस यांनी जोडलेलं यंत्र याच जातीचं होतं.

जहाज आणि विमान यांना टर्बो मानवला, कारण त्यांची इंजिनं तासन्‌तास एकाच गतीने चालतात. मोटारीचं तसं नसतं. १९६२मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कोर्व्हेअर या टर्बो गाड्या आल्या. जेटफायर तर फार लवकर बाजारातून गेली. १९७३मध्ये बीएमडब्ल्यूने ‘२००२ टर्बो’ काढली ती नेमकी तेलाच्या टंचाईच्या तोंडावर. टर्बो रोजच्या मोटारीत रुळायला सत्तरचं दशक सरत यावं लागलं. १९७८ची मर्सिडीज ३०० एसडी ही टर्बो डिझेल मोटार त्यातली एक ठळक खूण.

टर्बोची खोड घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. वळणावर वेग उतरतो, गिअर टाकून पाय दाबला तरी गाडी क्षणभर पिकअप घेत नाही, आणि मग एकदम उसळी मारते. धूर कमी तर चक्र सुस्त. चक्र सुस्त तर हवा कमी. आणि हवा कमी म्हणून धूर कमी. हा फेरा सुटायला एखाद-दोन सेकंद जातात. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

एकविसाव्या शतकात हा लॅग नुसता चालकाच्या चिडचिडीचा विषय राहिला नाही. युरोपीय संघाने २००९मध्ये कायदा केला. नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी आधी किलोमीटरमागे १३० ग्रॅमवर आणि पुढे ९५ ग्रॅमवर आणायची होती. त्यावर कंपन्यांचा तोडगा होता इंजिन लहान करण्याचा. मोठं इंजिन शहरात बहुतेक वेळ अर्धपोटी चालतं आणि तेवढ्या कामातही स्वतःच्या घर्षणावर नि हवा ओढण्यावर इंधन घालवतं. लहान इंजिन भरल्या ओझ्याने चालतं, म्हणून कमी खातं. पण लहान इंजिनाला मोठा टर्बो लावला की लॅग वाढतो, आणि तो लपवायला गिअर असे निवडावे लागतात की इंजिन जास्त फेऱ्यांवर चालावं. मग वाचलेलं इंधन तिथे जातं. फोक्सवॅगनने २००५मध्ये १.४ लिटरच्या इंजिनाला पट्ट्यावरचा ब्लोअर आणि टर्बो असे दोन्ही लावून पाहिले. गाडी छान पळाली, पण यंत्रणा महागडी आणि गुंतागुंतीची होती.

सहाशे अँपिअरचा अडथळा

मग पंखा विजेवर का फिरवू नये? ही कल्पना कुणालाही सुचावी अशी आहे आणि अनेकांना सुचलीही. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टर्बोडाइन कंपनीने ‘टर्बोपॅक’ नावाचा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर तयार केला, आणि १९९९मध्ये टर्बो बनवणाऱ्या अलाइड सिग्नल या बड्या कंपनीने तिच्याशी करार केला. तरीही शोरूममधल्या गाडीपर्यंत तो पोचला नाही.

कारण साध्या गुणाकारात आहे. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर ते दर सेकंदाला साधारण १०० लिटर हवा ओढतं. त्या हवेवर अर्ध्या वातावरणाचा जादा दाब चढवायचा, तर कॉम्प्रेसरमधली गळती-घट धरून सुमारे सात किलोवॅट लागतात. १२ व्होल्टच्या तारेतून सात किलोवॅट म्हणजे जवळजवळ ६०० अँपिअर. मोटारीचा ऑल्टरनेटर साधारणपणे शंभर-दीडशे अँपिअर देतो. सहाशे अँपिअरचा प्रवाह स्टार्टर क्षणभर खातो, पण तो सतत वाहायचा तर तारा मनगटाएवढ्या व्हायच्या, दिवे मंद व्हायचे आणि बॅटरी बसायची.

हे गणित न करणाऱ्यांसाठी एक समांतर बाजार भरला होता. इंटरनेटवर स्वस्तात ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ विकले जात. त्यांतले बरेचसे म्हणजे बोटीच्या तळातली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारे छोटे पंखे. शे-दोनशे वॅटचा तो पंखा दाब चढवणं दूरच, इंजिन जोरात श्वास घेऊ लागलं की उलट वाटेत आडवा येई. खऱ्या यंत्राचं नाव या नकलांनी बरंच खराब केलं.

खरा उपाय व्होल्टेज वाढवण्याचा होता. अमेरिकी गाड्या १९५०च्या दशकात ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या होत्या, कारण मोठ्या इंजिनांना फिरवायला स्टार्टर कमी पडू लागला होता. १९९०च्या दशकात एमआयटी आणि मोटार कंपन्यांच्या गटाने पुढची पायरी आखली ती ४२ व्होल्टची. टोयोटाने २००१मध्ये जपानात तशी एक क्राउन विकायला काढली. पण प्रत्येक दिवा, स्विच, रिले नव्याने बनवायचा खर्च कुणालाच पेलवेना, आणि जास्त व्होल्टेजला जोड सुटताना ठिणग्या उडण्याचा त्रास वेगळाच. योजना बारगळली.

२०११मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू, डाइमलर, पोर्शे आणि फोक्सवॅगन या पाच जर्मन कंपन्या शहाणपणाने एकत्र आल्या. जुनं १२ व्होल्टचं जाळं राहू द्यायचं आणि फक्त भुकेल्या यंत्रांसाठी शेजारी ४८ व्होल्टचं वेगळं जाळं टाकायचं, असं ठरलं. आकडा ४८चाच का? ६० व्होल्टपर्यंतची एकदिशा वीज हाताला लागली तरी फारशी धोक्याची मानत नाहीत, त्यामुळे हायब्रिड गाडीसारखा जाडजूड बंदोबस्त लागत नाही. आणि व्होल्टेज चौपट झालं की प्रवाह चौथाई होतो, तर तारेतली उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. सहाशे अँपिअरचे दीडशे झाले.

बॅसिल्डन ते इंगोलश्टाट

तोवर पंखाही तयार झाला होता. फोर्डपासून वेगळ्या झालेल्या व्हिस्टिऑन कंपनीत यावर काम सुरू होतं. तिथलं तंत्र घेऊन इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या बॅसिल्डन इथे कंट्रोल्ड पॉवर टेक्नॉलॉजीज ही छोटी कंपनी २००७मध्ये उभी राहिली. त्यांच्या कॉम्प्रेसरमधली मोटर स्विच्ड रिलक्टन्स जातीची. तिच्या फिरत्या भागावर चुंबक नाही, तांब्याचं वेटोळंही नाही. फक्त दाते पाडलेल्या पोलादी चकत्यांची चवड. भोवतालच्या वेटोळ्यांत वीज आळीपाळीने सोडली की दाते एकामागून एक त्यांच्याकडे ओढले जातात. इंजिनाच्या शेजारच्या उष्णतेत चुंबक निकामी व्हायची भीती नाही, आणि मिनिटाला सत्तर हजार फेऱ्यांवर वेटोळं सुटून उडायचीही नाही.

रिकार्डो या इंग्लिश अभियांत्रिकी कंपनीने ब्रिटिश सरकारच्या मदतीने ‘हायबूस्ट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात फोर्ड, इम्पीरियल कॉलेज आणि फ्रान्सची व्हालेओ कंपनीही होती. फोर्ड फोकसमध्ये एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन घातलं आणि दोन लिटरच्या इंजिनाचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं ठरलं. टर्बो होताच, तो जागा होईपर्यंतची पोकळी विजेच्या पंख्याने भरायची होती. यातली खरी मेख वीज कुठून आणायची ही. सव्वा टनाची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबते तेव्हा सुमारे १२० किलोज्यूल ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. तिचा काही भाग पकडून साठवला आणि पुढच्या सिग्नलला सुटताना पंख्याला दिला, तर हवेची मजुरी फुकट जाणाऱ्या पैशातून भागते. बॅटरीचं उत्तर आधीच्या दोन्ही उत्तरांहून किफायतशीर ठरतं ते या अटीवर. वीज जर ऑल्टरनेटरमार्फत इंजिनाकडूनच काढायची असेल, तर तो घुमून-फिरून जुना ब्लोअरच.

२०११च्या अखेरीस व्हालेओने बॅसिल्डनचं हे तंत्र विकत घेतलं. इंगोलश्टाटच्या ऑडीने २०१४मध्ये आरएस ५ टीडीआय या प्रयोगाच्या गाडीत असा पंखा दाखवला, आणि २०१६मध्ये एसक्यू ७ टीडीआय बाजारात आली. विजेवरचा कॉम्प्रेसर असलेली ही पहिली विक्रीची मोटार.

तिच्या चार लिटर, आठ सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला दोन टर्बो होते आणि तिसरा हा व्हालेओचा पंखा. तो दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी बसवला होता. एरवी हवा त्याला वळसा घालून सरळ जाई. पाय दाबला आणि धूर अजून अपुरा आहे असं दिसलं, की एक झडप मिटे, हवेचा रस्ता पंख्यातून वळे आणि पाव सेकंदात पंखा मिनिटाला ७०,००० फेऱ्यांवर पोचे. टर्बो जागे झाले की झडप उघडे आणि पंख्याचं काम संपे. मर्सिडीजच्या १९२१च्या क्लचसारखाच हा प्रकार, फक्त किंकाळी नाही. पंखा जास्तीत जास्त सात किलोवॅट घेई. तीन सेकंदांच्या झटक्याचा हिशेब केला तर २१ किलोज्यूल, म्हणजे सहा वॅट-तासांहूनही कमी. मागच्या ४८ व्होल्ट बॅटरीत ४७० वॅट-तास होते. इंजिन मिनिटाला अवघ्या १,००० फेऱ्यांवर असताना ९०० न्यूटन-मीटरची ओढ मिळू लागली.

पाठोपाठ मर्सिडीजने नवं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणलं. त्यात पंखा ४८ व्होल्टवर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंपही विजेवर, आणि इंजिनापुढचा रबरी पट्टा गायब. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेली मोटर ब्रेक लावताना वीज परत मिळवू लागली. हायबूस्टमध्ये मांडलेलं गणित इथे पुरं झालं.

पंखा कुठे गेला

पण मुहूर्त चुकला होता. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघडकीला आला. तोवर पश्चिम युरोपात निम्म्याहून अधिक नव्या मोटारी डिझेलच्या होत्या. त्यानंतर डिझेलची पत झपाट्याने उतरली. एसक्यू ७चं हेच इंजिन बेंटलीने आपल्या पहिल्यावहिल्या डिझेल मोटारीत, बेंटेगात, घातलं होतं. म्हणजे ब्लोअरला नाकं मुरडणाऱ्या डब्ल्यू. ओ. बेंटलींच्या नावाखाली विजेचा ब्लोअर विकला गेला. २०१८मध्ये युरोपात ती गाडी बंद झाली. २०२०मध्ये ऑडीनेही एसक्यू ७मध्ये पेट्रोल इंजिन आणलं, त्यात विजेचा पंखा नव्हता.

दरम्यान फॉर्म्युला वन शर्यतींनी वेगळी वाट दाखवली होती. २०१४च्या नियमांनुसार मोटर थेट टर्बोच्या दांड्यावर बसली. धूर कमी असला की ती टर्बोला फिरवी आणि धूर जास्त झाला की उलट जनरेटर होऊन वीज बनवी. २०१७मध्ये मर्सिडीजने इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थच्या चाचणीगृहात आपल्या शर्यतीच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ५० टक्क्यांपलीकडे गेल्याचं जाहीर केलं. वेगळा पंखा, वेगळी झडप, वेगळी नळी यांची गरजच उरली नाही. २०२२च्या मर्सिडीज-एएमजी एसएल ४३मध्ये हा विजेचा टर्बो रस्त्यावर आला. २०२४च्या पोर्शे ९११ जीटीएसमध्ये तर तो ४०० व्होल्टवर चालतो आणि धुरातून ११ किलोवॅटपर्यंत वीज परत देतो. ज्या ४८ व्होल्टांची एवढी वाट पाहिली, तेही मागे पडू लागले.

विजेवर चालणारा सुटा पंखा मोटारीच्या इंजिनापाशी मुख्य पात्र म्हणून जेमतेम काही वर्षं मिरवला. त्याची पुढची नोकरी इंजिन नसलेल्या गाडीत आहे. एसक्यू ७ आली त्याच २०१६ सालात होंडाने क्लॅरिटी ही हायड्रोजनवर चालणारी मोटार काढली आणि तिच्या फ्युएल सेलला हवा पुरवायला विजेवरचा दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर बसवला. फ्युएल सेलमधून बाहेर पडते ती कोमट, ओलसर हवा. टर्बो जोमाने फिरवण्याइतकी धग तिच्यात नसते, म्हणून तिथे वीज हाच मुख्य आधार. ती वीज मात्र फ्युएल सेलनेच तयार केलेली असते, आणि त्याच्या कमाईत घट करणाऱ्या साहाय्यक यंत्रांमध्ये हा कॉम्प्रेसर सर्वांत खादाड आहे. म्हणजे मजुरी फिरून हवा खाणाऱ्याच्याच खिशातून जाते, आणि ती कमी कशी करायची हे काम आजच्या इंजिनिअरांच्या टेबलावर तसंच पडून आहे.